चेहरा झाकण्याचा हक्क कोणाचा?

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर धरपकड सुरू झाली. पोलिसांनी वस्त्यांमध्ये घुसून मारहाण केल्याच्या तक्रारी रहिवाशांनी केल्या. १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढा आदेश मिळवण्यासाठी त्याच्या आईला आपल्या शहरातील खंडपीठाची पायरी चढावी लागली. तो आदेश जुलै २०२५ मध्ये मिळाला. त्याच महिन्यात विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले.

तेव्हापासून आपल्या तरुणांपुढे एक प्रश्न उभा आहे. अन्यायाविरुद्ध बोलायचे ते स्वतःच्या नावाने, की नाव झाकून? काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, भीमसैनिक तोंड लपवत नाही. तरुण म्हणतात, नोकरी गेली, गुन्हा दाखल झाला, तर घर कोण चालवणार? आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे.

या प्रश्नाचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला आले. निझामाच्या राज्यातून जाताना अस्पृश्य प्रवाशांच्या वाट्याला येणारा त्रास टाळावा म्हणून त्यांनी प्रवासाचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या माणसांनाच काय ते कळवले होते. दौलताबादला ओळख उघड झाली. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले म्हणून गलका झाला. शेवटी आत सोडले ते सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. त्याआधी बडोद्यात पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहण्याची वेळ त्यांच्यावर आली होती आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे सारे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

हे लपणे व्यवस्थेने लादलेले होते. आजही शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव विचारले की आपली मुले अडखळतात, ते याच जातीचे लपणे. महाडला १९२७ मध्ये आणि नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ते मोडून काढले. म्हणून उघड ओळख हा आपल्या चळवळीचा कणा आहे.

पण दुसरेही एक लपणे असते. निझामाच्या राजवटीविरुद्ध लढणारे कितीतरी तरुण भूमिगत होते, सरहद्दीवरच्या कॅम्पांमधून काम करत होते. १७ सप्टेंबरला मराठवाडा त्यांचा गौरव करतो, त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. फरक एवढाच की भूमिगत होण्याची सोयही सर्वांना सारखी नसते. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. गावात आपली वस्ती कोणती, हे जाळणाऱ्यांना विचारावे लागले नाही. पोचीराम कांबळे यांना लपायला जागाच नव्हती.

म्यानमारकडे पाहा. १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते, तो हा देश. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली. सरकारी डॉक्टर, शिक्षक, कर्मचारी यांनी कामावर बहिष्कार टाकला. रस्त्यात मोबाइल तपासले जाऊ लागले, तेव्हा टोपणनावे आणि व्हीपीएन हीच तरुणांची ढाल झाली. २००७ मध्ये चीवर घातलेले भिक्खू लष्करशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. आज काही भिक्खू उघडपणे लष्कराच्या बाजूने आहेत. म्हणजे कोणी चीवर घातले आहे की तोंडाला रुमाल बांधला आहे, यावरून माणूस ओळखता येत नाही. तो कृतीवरून ओळखावा लागतो.

नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर बंदी आली, तरुण रस्त्यावर उतरले आणि सरकार कोसळले. हंगामी पंतप्रधान कोण असावे, याची चर्चा आणि मतचाचणी त्यांनी डिस्कॉर्डवर केली. सुशीला कार्की यांचे नाव तिथूनही पुढे आले. पण त्या चाचणीत मत देणारे कोण, नेपाळचे की बाहेरचे, हे तपासायची सोय नव्हती. निनावीपणामुळे माणूस वाचतो, पण जबाब कोणाला विचारायचा हे कळेनासे होते.

आता आपल्याकडे. जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. समितीने 'कडवी डावी विचारसरणी' हे शब्द घातले, पण संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा पहिला अधिकार सरकारकडेच राहिला. गुन्हे अजामीनपात्र आहेत. दुसरीकडे २०२१ च्या आयटी नियमांनुसार ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपन्यांना, आदेश आल्यास, मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला हे सांगावे लागते. आणि उघड नावाने लिहिणारे तरी कुठे सुरक्षित आहेत? डॉ. आनंद तेलतुंबडे यांना अटक झाली ती १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी. त्याच भीमा कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसवल्याचा निष्कर्ष अमेरिकेतील एका तपासणी संस्थेने काढला.

म्हणून आम्हाला काही गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात. पीडित, साक्षीदार आणि वस्तीत व्हिडिओ काढणारी मुले यांची नावे झाकणे हे चळवळीचे कर्तव्य आहे. मोर्चातल्या पोरांचे चेहरे स्टेटसला टाकताना शंभरदा विचार करा. पण जो निर्णय घेतो, वर्गणी गोळा करतो, मोर्चाची हाक देतो, त्याचे नाव आणि हिशेब उघडच हवा. निनावी मेसेज, तो कितीही जहाल असला, तरी तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. रुमाल बांधून दगड मारणारा आपलाच असेल असे नाही, पण त्याची किंमत वस्तीलाच मोजावी लागते. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी आहोत.

आणि सर्वात मोठी मागणी सत्तेकडे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच सांगितले आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असावा, असा आदेश डिसेंबर २०२० चा आहे. आपल्या भागातील ठाण्यात हे कॅमेरे चालू आहेत का, फुटेज किती दिवस ठेवतात, याचा माहिती अधिकारात अर्ज प्रत्येक तालुक्यातून गेला पाहिजे. तोही स्वतःच्या नावाने आणि एकट्याने नव्हे, वकील सोबत घेऊन.

नागरिकाला चेहरा झाकायची वेळ येऊ नये, अशी व्यवस्था म्हणजे लोकशाही. ती येईपर्यंत आपल्या दुबळ्या माणसाचे नाव आपण जपू आणि लाठी चालवणाऱ्याचे नाव विचारत राहू.

जय भीम! नमो बुद्धाय!