वय झाले म्हणून चावा तसाच ठेवू नका

दातांना तारा लावायच्या त्या शाळकरी मुलांनी, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यामुळे तिशी-चाळिशीतल्या एखाद्या भगिनीने वेडेवाकड्या दातांचा विषय काढला, की घरातलेच म्हणतात, ‘आता या वयात कुणाला दाखवायचंय?’ आमच्या कोयनानगर परिसरात हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. वास्तविक प्रश्न दाखवण्याचा नाही. प्रश्न भाकरी चावण्याचा आहे.

काहींचे खालचे दात वरच्या टाळूला टोचतात. काहींचे पुढचे दात मिटतच नाहीत, त्यामुळे भाकरीचा तुकडा तुटत नाही. दाटीवाटीच्या दातांत घास अडकतो, ब्रश पोचत नाही, मग हिरड्या सुजतात. काही दात नको तितके झिजतात. अर्थात प्रत्येक वाकड्या दाताला उपचार हवाच असे नाही. खाताना अडत नसेल, हिरड्या निरोगी असतील आणि मनाला खटकत नसेल, तर खुशाल तसेच राहू द्यावे. परंतु त्रास होत असेल तर केवळ वयाकडे बोट दाखवून गप्प बसू नये.

मोठेपणी दात सरकतात कसे? तारेचा हलका दाब कायम राहिला, की दात ज्या बाजूला जातो तिकडचे हाड विरत जाते आणि मागे नवे हाड भरत येते. शेताचा बांध एका अंगाने उकरून दुसऱ्या अंगाने घालत जावा, तसेच हे काम चालते. ते चाळिशीतही चालते. मात्र जबड्याची वाढ विशीच्या आसपास संपलेली असते. जबडाच फार मागे-पुढे असेल तर नुसत्या तारेने तो हलत नाही. अशा वेळी काहींच्या उपदाढा काढून जागा करतात, तर काहींना जबड्याची शस्त्रक्रिया सुचवतात. आपल्या बाबतीत नेमके काय आणि का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. विचारण्यात कसला संकोच?

तार लावण्याआधी हिरड्यांची तपासणी आणि किडलेल्या दातांचा उपचार झालाच पाहिजे. हिरड्या रोगट असताना दात ओढले तर ते ढिले होण्याचा धोका असतो. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या भगिनी आणि तंबाखू खाणारे बंधू पुष्कळ आहेत. त्यांनी आधी ती सवय सोडावी.

आता जायचे कुठे? हे काम ऑर्थोडॉन्टिस्टचे, म्हणजे बी.डी.एस. नंतर याच विषयात तीन वर्षांचे एम.डी.एस. केलेल्या डॉक्टरांचे. पाटण ओलांडून कराडला गेले, की मलकापूरला कृष्णाचे दंत महाविद्यालय आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचे आणि कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे आहे. ज्यांचे बिऱ्हाड मुंबईत आहे, त्यांना महापालिकेचे नायर दंत रुग्णालय किंवा शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडेल. टपालाने साचे मागवून घरीच दात सरळ करण्याच्या जाहिरातींना भुलू नये. अमेरिकेतली स्माईल डायरेक्ट क्लब ही अशीच मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कित्येकांचे उपचार अर्धवट राहिले.

हिशेब आधी मांडावा. एक्स-रे, दात काढणे, तार बसवणे, दर महिन्याची तपासणी आणि शेवटचा रिटेनर, या प्रत्येक बाबीचा खर्च लिहून घ्यावा. हप्ते मिळतात का ते विचारावे. त्यात एस.टी.चे भाडे आणि बुडणारा रोज धरावा. उपचार साधारण दीड ते अडीच वर्षे चालतो. तेवढी वर्षे महिन्याकाठी जिथे जाणे जमेल, तेच ठिकाण निवडावे. आरंभ थाटात करून सहाव्या महिन्यात सोडून दिले, तर पैसाही जातो आणि चावा आणखी बिघडू शकतो.

तार घट्ट केल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात. तेव्हा भात-आमटी किंवा दुधात कुस्करलेली भाकरी खावी. ऊस, सुपारी, भाजलेले कणीस यांना उपचार संपेपर्यंत रजा द्यावी. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करावा, नाहीतर तारेभोवतीच दात किडतात. तार निघाल्यावर रिटेनर सांगितल्याप्रमाणे, पुढे कित्येक वर्षे रात्री तरी, वापरावाच लागतो. दात जुन्या जागी परतायला बघतातच.

घरच्या मंडळींना आमची एक विनंती आहे. मुलांच्या फीसाठी, सणासाठी, लग्नकार्यासाठी घरातली बाई आपला खर्च नेहमीच मागे ठेवते. तिने चाळिशीत दातांना तार लावली तर तिला हसू नका. महिन्यातून एक दिवस तिची कामे वाटून घ्या आणि तिला वेळेवर कराडच्या गाडीत बसवून द्या.