फोटोला हार, पोराला दम

16 जून 1976 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोची शाळकरी पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली. निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिका, असा गोऱ्या सरकारचा हुकूम होता. पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन हा शाळकरी मुलगा त्यात गेला. आपल्याकडे त्याच जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, पुढारी पोरांच्या हातात गुलाब देतात आणि फोटो काढून निघून जातात.

अकोले तालुक्यात मग येतो 9 ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. आश्रमशाळेची पोरं कांबडनाच नाचतात, राघोजी भांगऱ्यांच्या फोटोला हार पडतो. राघोजी आमच्या देवगावचा. सावकारावर उठला, इंग्रजावर उठला आणि 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. असा बंडखोर सगळ्यांना परवडतो. तो वरणात पाणी किती, हे विचारायला येत नाही.

जिवंत पोरानं विचारलं तर काय होतं, ते मी आश्रमशाळेत शिकलो. आम्ही काही पोरांनी जेवणाची तक्रार वहीच्या पानावर लिहून दिली. अधीक्षकांनी मजकूर बाजूला ठेवला आणि अक्षर कुणाचं ते आधी हुडकलं. माझ्या बापाला बोलावणं गेलं. पावसात डोंगर उतरून तो आला, तर त्याला ऐकवलं, ‘तुमच्या लोकांना फुकटचं खाऊन माज येतो.’ बाप हात जोडून उभा. गणितात मी कच्चा राहिलो, हा धडा मात्र पक्का झाला.

‘तुमच्या लोकांना’ म्हणजे कुणाला? ठाकर, महादेव कोळी. यालाच वंशभेद म्हणा, तर आपले विद्वान लगेच हरकत घेतात. 2001 च्या डर्बनमधल्या वंशभेदविरोधी परिषदेत भारत सरकारनंही हेच सांगितलं होतं की जात म्हणजे वंश नव्हे. बरं, नसू दे. त्यानं ताटातलं वरण घट्ट होत नाही.

2018 साली सरकारनं आदिवासी वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचं ठरवलं. खातं भरेपर्यंत पोरानं काय खावं, हे निर्णयात नव्हतं. त्या जुलैत पोरंपोरी पुण्याहून नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालयावर पायी निघाली. संगमनेरच्या पुढे, नांदूर शिंगोट्याला पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतलं. आणि गावागावांतले शहाणे म्हणाले, ‘शिकायचं सोडून यांना कोण फूस लावतंय?’

फूस! आदिवासी पोराला स्वतःची भूक स्वतः कळत नाही, ती दुसऱ्यानं सांगावी लागते, असं या शहाण्यांना खरंच वाटतं. पाटलाच्या पोरानं आरक्षणाचा मोर्चा काढला की तो जागा झालेला समाज, ठाकराच्या पोरानं भाकरीचा काढला की फूस.

आश्रमशाळांतल्या मृत्यूंच्या चौकशीला राज्यपालांनी 2016 मध्ये डॉ. सुभाष साळुंखे समिती नेमली. दीड दशकात हजारावर पोरं दगावल्याचा आकडा तेव्हा समोर आला. विंचू, साप, ताप, बुडणं. एवढी पोरं एखाद्या इंग्रजी शाळांच्या साखळीत गेली असती, तर मंत्रालयाच्या काचा शिल्लक राहिल्या असत्या का? इथं पुन्हा जूनला गुलाब वाटले गेले. 2025 मध्ये तर शिकवणारे मास्तरही बाह्यस्रोतातून आणायचं ठरलं, आणि वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबलेले शिक्षक नाशिकला आयुक्तालयासमोर बिऱ्हाड मांडून बसले.

मंत्री आपला असला की सुटेल, असंही आम्ही मानून पाहिलं. राजूरच्या मधुकर पिचडांकडे आदिवासी विकास खातं होतं, प्रकल्प कार्यालयही राजूरलाच आहे. तरी तक्रार करणाऱ्या पोराचं अक्षर हुडकणारे अधीक्षक तालुक्यातून हलले नाहीत.

म्हणून शिकलेल्या आदिवासी नोकरदारांना माझं सांगणं आहे. येत्या 9 ऑगस्टला डीजेची वर्गणी देऊ नका. त्या दिवशी जवळच्या आश्रमशाळेत दुपारच्या पंगतीला जाऊन बसा, पोरांच्या ताटातलंच खा आणि त्यांची तक्रार तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं, प्रकल्प अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून पोच घ्या.