बलोपासनेची वही

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, आणि हा सारा टापू कापसाचा. (दूरच्या मंडळींना ते अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीशी जोडण्याची सवय आहे. दोन्ही गावे निराळी आणि एकमेकांपासून फार दूर.) या भागातील शेतकरी दसरा-दिवाळीनंतर कापूस बाजारात नेतो तेव्हा भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी पुन्हा चढते, आणि दोन वजनांतील फरकाची काटापट्टी त्याच्या हाती पडते. ती तो घडी घालून खिशात जपतो. बियाण्याच्या थैल्या किती, खताची पोती किती, वेचणीच्या बाया किती, कोणाची किती मजुरी फिटली, हे सारे कुठे ना कुठे लिहिलेले असते. ज्या घरात क्विंटल-किलोचा असा चोख हिशेब चालतो, त्या घरातील पंचेचाळिशीच्या कर्त्या पुरुषाला विचारावे, की बाबा रे, तुला आज एका दमात बैठका किती निघतात? गेल्या वर्षी किती निघत होत्या? उत्तर मिळत नाही. शाळामास्तर, बँकेतील कारकून, कापड दुकानाचे मालक, कोणाकडेच नाही.

एका वर्गाकडे मात्र ते आहे. कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे बाहेर पडावे, तर रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. शारीरिक चाचणीचे गुण पन्नास. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व ७.२६० किलोचा गोळा. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. पाच-दहा सेकंदांवर नोकरी हुकते, म्हणून घड्याळ लावून धावणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. परवा किती लागले, आज किती लागले, हे त्यांना तोंडपाठ असते. पण तोच मुलगा भरतीत निवडला गेला, किंवा वय उलटून गेले, की धावणे थांबते आणि हिशेबही थांबतो. पुढची चाळीस वर्षे त्या शरीराची नोंद कोणी ठेवत नाही.

वऱ्हाडाला बलोपासना नवी नाही. अमरावतीला अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली रोवलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने पिढ्यान्पिढ्या व्यायामशिक्षक घडविले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. बडोद्याला मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. त्यांच्याही मागे जायचे तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मल्लांनी कोणते श्रम करावेत हे त्यात सांगितले आहे, आणि त्यांत भारश्रम, म्हणजे वजन उचलण्याचा श्रमही आहे. ज्यांना वजनाचा व्यायाम परदेशातून आला असे वाटते, त्यांनी ते प्रकरण अवश्य पाहावे.

परंतु या अभिमानाच्या गोष्टी सांगताना एक त्रुटी झाकली जाते. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले, हे आपल्याकडे प्रत्येक व्याख्यानात सांगितले जाते. पण ते रोज काय करीत, कितीने आरंभ केला आणि वर्षाअखेरीस कुठवर पोहोचले, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. गामा पहिलवानाच्या हजारो जोर-बैठकांचे आकडे चवीने सांगितले जातात. तो तेथवर कोणत्या पायऱ्यांनी चढला, हे कोणी सांगत नाही. आपल्या तालमीत मोजणी होती. वस्तादाच्या तोंडी प्रत्येक पठ्ठ्याचा आकडा असे. पण तो वस्तादाबरोबर जाई, कागदावर उतरत नसे. त्यामुळे नवशिक्याच्या हाती लागते ते केवळ शिखर, आणि ते पाहून तो एक तर पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारून आठवडाभर लंगडतो, नाही तर आरंभच करीत नाही.

सुश्रुताने सांगितलेली व्यायामाची मर्यादा येथे आठवावी. माणसाने आपल्या बलाच्या अर्ध्यापर्यंत व्यायाम करावा, असे तो म्हणतो. वाग्भटाने त्याला ऋतूची जोड दिली: थंडीत आणि वसंतात अर्धी शक्ती, अन्य काळात त्याहून कमी. उन्हाळ्यात ज्या जिल्ह्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेथे हे वचन पुस्तकातले राहत नाही. पण अर्धे म्हणजे किती? ज्याला पूर्ण किती हे ठाऊक नाही, त्याला अर्धे कसे कळणार? सुश्रुताने घाम, तोंडाने चालणारा श्वास अशी शरीराची लक्षणे दिली आहेत, आणि ती आजही उपयोगी आहेत. तथापि आज लागलेला दम आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेला दम यांची तुलना स्मरणाने होत नाही. त्यासाठी आकडा लिहून ठेवावा लागतो.

आधुनिक वैद्यकाला हे कळायला एक महायुद्ध लागले. अमेरिकी लष्करातील थॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर शिकागोच्या लष्करी इस्पितळात गुडघ्याच्या जखमी सैनिकांवर उपचार करीत होता. हलके वजन पुष्कळ वेळा उचलावे, अशी तेव्हाची रीत. त्याने प्रत्येक सैनिकाला नेमके दहा वेळा उचलता येईल असे वजन शोधून काढले, त्यावर सराव दिला, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा मोजून वजन वाढविले. १९४५ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. आज जगभरच्या व्यायामशाळांत आणि फिजिओथेरपी केंद्रांत जी पद्धत चालते तिचे मूळ त्या नोंदींत आहे. यात गूढ काही नाही. स्नायूला सवयीपेक्षा थोडा अधिक भार मिळाला, नंतर विश्रांती आणि अन्न मिळाले, तर तो वाढतो. तोच भार वर्षभर दिला तर आहे तेथेच राहतो.

येथे नेहमीचा आक्षेप येतो. दिवसभर शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला हवा? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जो खरोखर राबतो, विशेषतः जी बाई कमरेत वाकून सूर्य मावळेपर्यंत कापूस वेचते, तिला आधी विश्रांती आणि पोटभर अन्न हवे. तिला बैठकांचा उपदेश करणे हा अविवेक होईल. पण श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमात भार काम ठरविते, शरीर ठरवीत नाही. एकच अंग झिजते, दुसरे निकामी राहते, आणि काम थांबावे अशी वेळ आली तरी ते थांबत नाही. शिवाय तालुक्याच्या गावातील किती जण आता खरोखर राबतात? नांगरटीला ट्रॅक्टर आला, चौकापर्यंत जायला मोटारसायकल आली, दळण दाराशी येते. खुर्चीत बसून झालेल्या पोटाला शेतकऱ्याचा वारसा सांगून चालत नाही. देशात मधुमेही दहा कोटींच्या वर गेल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली समोर आले. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेण्याची सर्वांत मोठी जागा स्नायू हीच आहे. ती जागाच आक्रसत गेली तर केवळ गोड सोडून किती भागणार?

वही साधी असावी. दोनशे पानी, शाळकरी. तारीख, व्यायाम, वजन, प्रत्येक फेरीतील आकडा, आणि शेवटी एक शेरा: झोप झाली की नाही, गुडघा दुखला की नाही. पहिल्या दिवशी दहा-दहा बैठकांच्या तीन फेऱ्या जमल्या, तर तेवढ्याच लिहाव्या. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एक वाढविली तर बारा आठवड्यांनी फेरीला बावीस, एकूण सहासष्ट होतात. त्यापुढे बैठका वाढवीत बसण्यापेक्षा भार वाढवावा. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. जाड कापडाच्या पिशवीत पाच किलो वाळू भरून तोंड घट्ट शिवावे. किराणा दुकानात ती तोलून मिळते. ती छातीशी धरून बारा बैठका तिन्ही फेऱ्यांत सहज निघू लागल्या की किलोभर वाळू आणखी घालावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. मधले दिवस वाढीचे असतात. जोर काढताना छाती अर्ध्यावरच थांबली तर तो जोर वहीत धरू नये. या एका बाबतीत माणूस स्वतःला फार सवलत देतो.

आज तरुणांचे दुखणे नेमके उलट आहे. ते मोजतात, पण आरशात मोजतात. महिन्याभरात दंड फुगले नाहीत की डब्यातली पावडर येते, आणि काही ठिकाणी कोणाच्या तरी ओळखीने सुईही येते. शक्तीची वाढ आरशात उशिरा दिसते, वहीत ती लवकर दिसते. पहिल्या काही आठवड्यांत स्नायूचा आकार फारसा बदलत नाही. मज्जासंस्था आहेत तेच तंतू अधिक नेटाने कामाला लावायला शिकते, आणि आकडा चढतो. तो चढताना दिसला तर पोराला डब्याची गरज वाटत नाही. मोबाइलवर हीच नोंद ठेवणारी ॲप्स आहेत, ती वाईट नाहीत. मात्र व्यायामासाठी हातात घेतलेला मोबाइल व्यायामापुरताच हातात राहतो, असा कोणाचा अनुभव आहे काय?

घरातील वडीलधाऱ्यांसाठी तर ही वही अधिक मोलाची. बोस्टनमधील एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करवून घेतला गेला, आणि त्यांच्या पायांतील शक्ती दुपटीहून अधिक वाढली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीपुढच्यांना तीन दिवस तोल व शक्ती यांचा. आपल्या घरात मात्र आजोबांनी खुर्चीतून उठताना हात टेकला की नातू धावून त्यांना उठवितो आणि पुण्य पदरी पाडून घेतो. त्याने घड्याळ लावून पाहावे: हात छातीशी बांधून, भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून आजोबा अर्ध्या मिनिटात किती वेळा उठतात-बसतात? रक्तदाब वा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. तो आकडा महिन्याला एकदा लिहावा. तो घसरू लागला तर न्हाणीघरात पाय घसरण्याच्या आधी घराला कळते. आजीचाही लिहावा. तालमीच्या दारात स्त्रीला कधी जागा नव्हती, आणि चाळिशी उलटल्यावर हाडांची झीज सोसावी लागते ती तिलाच अधिक. वाळूच्या पिशवीला तालमीचे दार लागत नाही.

वहीत खाडे पडणारच. मृगाच्या पेरण्या, कापसाची वेचणी, लग्नसराई. राळेगावच्या माणसाला वर्षभर एकसारखे वेळापत्रक कोणी देऊ शकत नाही. अशा दिवशी पान कोरे ठेवू नये. तारीख टाकून पुढे 'नाही' एवढेच लिहावे. आणि तीन आठवड्यांच्या खंडानंतर पुन्हा पिशवी उचलताना मागचे पान उघडून तेथल्या वजनातून दोन किलो वाळू काढून घ्यावी.