कंबरेची घाई, मेंदूची दिरंगाई

नागपूरच्या लकडगंजमध्ये मी अकरा वर्षे बँकेत काढली. खातेदार म्हणजे आरामशीनचे मालक, टालवरचे मुनीम आणि हमाल. बल्लारशहाकडचा सागवानी ओंडका सहा-सात जण खांद्यावर घेत, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या माझ्याच कण्यातून कळ जायची. त्यांच्या कमरा दुखत नव्हत्या असं नाही. दुखायला सवड नव्हती, इतकंच.

निवृत्तीनंतर माझीच कंबर धरली. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत वीज चमकल्यासारखी कळ. सायटिका. तिसऱ्याच दिवशी मुलांनी एमआरआय काढला. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेल्याचं निघालं आणि घरात ऑपरेशनची बोलणी सुरू झाली. डॉक्टर जुन्या वळणाचे होते. म्हणाले, ‘‘सहा आठवडे थांबा. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चाला.’’ महिन्याभरात मी गांधीसागरला फेऱ्या मारू लागलो. अशा बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवायच ओसरतं. 1994 साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या 98 माणसांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या! म्हणजे फोटोतला दोष हाच दुखण्याचा दोष, असं नव्हे. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर एक रात्रही थांबू नये.

ही झाली कण्याची गोष्ट. आता मेंदूची सांगतो. ती सांगताना मान खाली जाते.

माझे थोरले भाऊ लकडगंजातच राहतात. 2018 च्या डिसेंबरात रात्री नऊला वहिनींचा फोन आला. ‘‘भाऊजी, जेवताना यांच्या हातून पेला पडला. बोलणंही जड येतंय.’’ मी म्हणालो, ‘‘थंडी आहे, गॅस झाला असेल. झोपू द्या, सकाळी पाहू.’’ ज्याने स्वतःच्या कमरेसाठी तीन दिवसांत एमआरआय काढवला, त्याचे हे शब्द. सकाळी सहाला दादांचं उजवं अंग गेलं होतं. त्यातही शेजारचे एक गृहस्थ लकवा उतरवणाऱ्याचा पत्ता घेऊन आले आणि तासभर आम्ही त्यावर चर्चा केली.

लकवा अंगात नसतो, मेंदूत असतो. बहुतेक वेळा गुठळीने रक्तवाहिनी अडते, काही वेळा ती फुटते. 2006 साली एका अमेरिकी डॉक्टरांनी हिशेब मांडला होता : मोठी वाहिनी अडली, तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत तारेने गुठळी ओढून काढता येते. पण तिथंही जितकं लवकर तितकं बरं. आधी सीटी स्कॅन हवा, कारण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन घात करतं. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देऊ नये, तोंडात पाणीही घालू नये. तोंड वाकडं, हात लटका, जीभ जड, यांतलं एक जरी अचानक दिसलं तरी 108 ला फोन करावा आणि माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहून ठेवावी. सीटी स्कॅन आहे का, हे विचारूनच इस्पितळ निवडावं. लक्षण आपोआप गेलं तरीही जावं. ती पुढच्या झटक्याची सूचना असू शकते.

बँकेत क्लिअरिंगची वेळ चुकली तर चेक दुसऱ्या दिवशी जायचा. मला तीच सवय जडली होती. आमचा डॉक्टर विचारत होता, ‘‘सुरुवात किती वाजता?’’ मी ‘नऊ’ म्हणालो आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ वाजले होते, सकाळचे.

दादा आता काठीने अंगणापर्यंत येतात. ‘हो’, ‘नाही’ आणि माझं नाव स्पष्ट बोलतात. दर महिन्याला मी त्यांना पेन्शन काढायला बँकेत नेतो. त्यांची सही मोठी झोकदार होती. मी लहानपणी ती गिरवायचो. काउंटरवरची मुलगी स्टँपपॅड पुढे सरकवते आणि मी त्यांचा डावा अंगठा धरून फॉर्मवर टेकवतो.