मराठी नंतर टाकू

वेबसाइट आणि टॅबलेटची ॲप बनवणं हा माझा धंदा. पुण्यात या धंद्यात पोटापुरतं नाव आहे, त्यामुळे बैठकांची बोलावणी येतात. बैठक सरकारी खात्याची असो, सहकारी बँकेची असो की मराठीच्या नावानं वर्गणी गोळा करणाऱ्या एखाद्या संस्थेची, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आधी इंग्रजी फायनल करू, मराठी नंतर टाकू.’ टाकू! भाजी उतरवल्यावर वरून कोथिंबीर टाकावी तशी.

बोलणारे साहेब मराठी शाळेत शिकलेले असतात. डिझायनरही मराठीच असतो. दोघं आपसात शुद्ध कोथरुडी मराठीत गप्पा मारतात आणि स्क्रीनवर मात्र ‘लोरेम इप्सम’ भरतात. हा लोरेम इप्सम म्हणजे सिसेरो नावाच्या रोमन वक्त्याच्या ग्रंथातला मोडतोड केलेला लॅटिन उतारा. म्हणजे बीडच्या शेतकऱ्यानं ज्या स्क्रीनवर पीकविम्याचा अर्ज भरायचा, त्या स्क्रीनचं माप दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमच्या अंगावर घेतलेलं. मग तो सदरा बीडच्या माणसाला काखेत काचला, तर आश्चर्य कसलं?

काचतो कुठे, ते सांगतो. लॅटिन अक्षरं एका ओळीत शहाण्यासारखी बसतात. देवनागरीला वरही संसार असतो आणि खालीही. ‘मूर्तींना’ या शब्दात रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसलेत. ‘उद्ध्वस्त’मध्ये अक्षराखाली अक्षर लटकतंय. इंग्रजीला पुरेल एवढी ओळीची उंची ठेवली आणि बाहेर येईल ते लपवायचा हुकूम सोडला, की अनुस्वार गेला, उकार गेला. ‘शत्रू’चा उकार कापलेली बटणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पुढची हौस म्हणजे शीर्षकातल्या अक्षरांत अंतर सोडण्याची. रोमन कॅपिटल अक्षरं अशी सुटी मांडली की भारदस्त दिसतात, म्हणून आमचा कलावंत तेच मराठीला करतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. ‘स्वागत’ हा शब्द दाराशीच तुटून पडलेला असतो. बरं, फाँटमध्ये तिरपी अक्षरं नसली, तर ब्राउझर आहे तीच अक्षरं ढकलून तिरपी करतो. त्यालाही कुणाची हरकत नसते, कारण ते वाचून पाहिलेलं नसतं.

फाँटची कथा तर नाटकात घालावी अशी. तीन-तीन बैठका ‘ब्रँडचा फाँट’ ठरवण्यात जातात. ठरतो रोबोटो. त्यात देवनागरी अक्षरं मुळातच नाहीत. म्हणजे ब्रँड फक्त इंग्रजीचा. मराठीला त्या-त्या मोबाइलमध्ये जे पडलेलं असेल ते. दुसरीकडे पॉपिन्स ठरतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीच्या या फाँटमध्ये देवनागरी आहे, पण प्रोग्रामर साइट हलकी राहावी म्हणून फक्त लॅटिन संच घेतो आणि देवनागरीचा तिथल्या तिथे सोडतो. दोन फोटो आणि एक फिरता बॅनर कमी केला असता, तर मराठीचे चार फाँट बसले असते.

‘मराठीत चांगले फाँटच नाहीत हो,’ हे रडगाणं एके काळी खरं होतं. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल विंडोज २००० बरोबर आला आणि त्यानंतर कित्येक वर्षं श्रद्धांजलीपासून सेलच्या जाहिरातीपर्यंत सगळं त्या एकट्यानं ओढलं. आज मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू खुल्या परवान्यावर फुकट मिळतात. गूगलचा नोटो आहे. फुकट, कायदेशीर, उत्तम. तरी रडगाणं चालूच आहे, कारण ते डाउनलोड करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

सरकारी साइटींचा एक विनोद तर खास. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असं महाराष्ट्र शासनाच्याच ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आहे. चांगल्या फाँटांत हिंदी वळण आणि मराठी वळण दोन्ही असतात. पानाची भाषा मराठी आहे एवढं कोडमध्ये दोन अक्षरांत लिहिलं, की मराठी वळण आपोआप उमटतं. दोन अक्षरं! ती कुणी लिहीत नाही. पानावर भाषा इंग्रजी लिहिलेली असते, नाहीतर हिंदी. शासनाचा निर्णय पीडीएफ करून ज्या साइटवर चढवायचा, तीच साइट तो मोडते.

आता जिल्ह्यांची यादी उघडा. कुठल्याही अर्जात असते. अहिल्यानगर, अकोला, अमरावती, बीड, भंडारा, बुलढाणा, चंद्रपूर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, धुळे, गडचिरोली. ही कुठली वर्णमाला? इंग्रजी स्पेलिंगच्या क्रमानं लावलेली यादी नंतर मराठीत ‘टाकली’ आहे. कोल्हापूरचा माणूस बाराखडी शिकलेला, तो अ संपल्यावर क शोधतो आणि त्याला बीड भेटतं. छत्तीस नावं खालीवर करत तो आपलं गाव हुडकतो आणि शेवटी पोराला हाक मारतो: ‘बघ रे, आपला जिल्हाच नाही यात.’ मराठी क्रम लावायची सोय ब्राउझरमध्ये आयती आहे, एका ओळीचं काम. पण त्या ओळीसाठी आधी यादी मराठीत वाचणारा माणूस खोलीत लागतो.

शीर्षकं कापायची कला याहून भयानक. जागा नाही म्हणून अमुक अक्षरांनंतर तोडा, असा नियम. संगणकाच्या लेखी ‘स्त्री’ हा एकाक्षरी शब्द सहा चिन्हांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. कात्री कुठंही चालते. मग बातमी ‘महाराष्ट्’ अशी पाय मोडून लंगडत येते. आणि ‘ॲप’ हा शब्द शोधून पाहा. ॲ एका चिन्हानं टाइप करता येतो आणि अ वर चंद्र ठेवूनही. दिसतात सारखे, पण संगणकाला ते निराळे. एकानं लिहिलेलं दुसऱ्याला सापडत नाही. ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’ची तीच गत. शोध घेण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणून ठेवायची असतात, हे पहिल्या वर्षाच्या पोराला समजावता येईल. कंत्राटदाराला समजत नाही.

सगळ्यांत जास्त डोकं फिरतं ते ‘पुणे मध्ये’, ‘ठाणे चे’, ‘वडील ने’ वाचून. इंग्रजी वाक्यात एक भोक ठेवायचं आणि त्यात नाव ढकलायचं. इंग्रजीत नाव बदलत नाही, चालून जातं. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं सामान्यरूप होतं. पुण्यात, ठाण्याचे, वडिलांनी. हे तिसरीतल्या मुलाला बोलताना कळतं. छत्तीस जिल्ह्यांची दोन-दोन रूपं साठवून ठेवणं हे एका दुपारचं काम आहे. तेही जड वाटत असेल तर ‘शहर: पुणे’ असं लिहा, प्रत्ययाची गरजच नाही. पण नाही. मशीनमधून काढलेलं भाषांतर तसंच चिकटवायचं आणि वर ‘आपल्या भाषेत, आपल्यासाठी’ असा फलक लावायचा.

टॅबलेटकडे वळतो, कारण तिथं तर आमच्या लोकांनी कहर केला. स्टीव्ह जॉब्सनं २७ जानेवारी २०१० ला आयपॅड दाखवला आणि जगभरच्या मासिकवाल्यांना वाटलं, आपण तरलो. रुपर्ट मर्डोक यांच्या कंपनीनं खास आयपॅडसाठी ‘द डेली’ नावाचं वृत्तपत्र फेब्रुवारी २०११ मध्ये काढलं. डिसेंबर २०१२ मध्ये ते बंद पडलं. ते निदान टॅबलेटसाठी घडवलं तरी होतं. आमच्याकडे छापखान्याला जाणारी पीडीएफ तशीच उचलून ॲपमध्ये घातली, पान उलटल्याचा फर्रर्र आवाज जोडला आणि ‘डिजिटल दिवाळी अंक’ म्हणून विकली. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची आपली ही मिरासदारी, आणि तिचं नवं रूप काय, तर एक-एक स्तंभ चिमटीनं मोठा करायचा, डावीकडे सरकवायचा, वाचायचा, खाली न्यायचा, पुन्हा वर आणायचा. कथेतला खून कुणी केला हे कळेपर्यंत वाचकाच्या मनात संपादकाचा खून होऊन जातो. वास्तविक आयपॅडच्याच वर्षी, २०१० च्या मे महिन्यात, ईथन मार्कोट या वेब डिझायनरनं एकच पान लहानमोठ्या स्क्रीननुसार आपोआप कसं जुळवून घेतं, ते लिहून दाखवलं होतं.

सरकारनंही हात धुऊन घेतले. ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त ‘आकाश’ टॅबलेट आणला. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोट रुतेपर्यंत दाबावी लागणारी स्क्रीन होती, तिची टिंगल सगळ्यांनी केली. आत अँड्रॉइड २.२ होतं आणि मूळच्या त्या आवृत्तीला देवनागरी जोडाक्षरं धड जुळवता येत नव्हती. देशाच्या पोरांना शिकवायला निघालेल्या यंत्राला देवनागरी येते का, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं बोललं की उत्तर तयार असतं: मराठीत वाचतं कोण? आकडे दाखवतात, मराठीचं बटण फार थोडे दाबतात. अहो, बटण कुठे आहे ते पाहा. तळाशी, राखाडी, मुंगीच्या अक्षरात. दाबलं की अर्धा भरलेला अर्ज पुसून माणूस पहिल्या पानावर फेकला जातो. तिथलं निम्मं इंग्रजीतच असतं. असं बटण दुसऱ्यांदा दाबणारा मनुष्य हुतात्मा म्हणावा लागेल. पैशाचं म्हणाल, तर ॲपल विक्रीचा ३० टक्के वाटा घेतं. जानेवारी २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्या लहान विकासकांना ते १५ टक्क्यांवर आलं. तेव्हा वाचलेल्या पंधरा टक्क्यांतून कुणी मराठीचं मुद्रितशोधन करून घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. लोगो गरगर फिरवणारं ॲनिमेशन मात्र सगळ्यांनी करून घेतलं.

तर ज्यांच्या खिशातून हे पैसे जातात त्या संस्थाचालकांना, प्रकाशकांना आणि अधिकाऱ्यांना सांगतो. पुढच्या बैठकीत सादरीकरण सुरू झालं की कंत्राटदाराला एवढे शब्द टाइप करायला लावा: मूर्तींना, उद्ध्वस्त, दुसऱ्या, शत्रू, आर्द्रता, ज्येष्ठांसाठी. ठळक करून पाहा, बटणावर पाहा, शीर्षकात कापून पाहा, सात इंची टॅबलेटवर उभं धरून पाहा. मग जिल्ह्यांची यादी उघडून कोल्हापूर कितवं येतं ते मोजा. चहा येण्याच्या आत निकाल लागेल. आणि यातलं काही चुकलं, तर दुरुस्त होईपर्यंत शेवटच्या हप्त्याच्या चेकवर सही करू नका.