कसं काढलंस?

चाकणच्या वाहन-कारखान्यांत जॉब, म्हणजे बनवलेला भाग, रिजेक्ट झाला की ‘व्हाय-व्हाय’चा कागद पुढे येतो. बिघाड का झाला, त्यामागे काय, त्याच्याही मागे काय, असं पाचदा विचारतात. तिथल्याच कामगाराचं पोर गणिताच्या तासाला ‘का?’ म्हणालं, तर ‘आधी पाढे म्हण’ हेच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त.

तिसरीतली नेहमीची वजाबाकी घ्या. ५२ वजा २७ बरोबर ३५. बाईंनी लाल फुली मारली की विषय संपला. पण ‘कसं काढलंस?’ विचारलं तर मूल सांगतं, ‘सातातून दोन गेले, पाच.’ म्हणजे नियम त्याने स्वतः बनवलाय आणि नेटाने पाळलाय! मग त्यालाच ३५ मध्ये २७ मिळवू द्यावेत. ६२ आले की बहुतेकदा ते आपणहून खोडरबर शोधतं.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा चार अंकी वजाबाकीतला स्थिरांक ६१७४ प्रसिद्ध आहे. चौथीसाठी त्याचा धाकटा भाऊ बरा: तीन अंक घ्या, सगळे सारखे नकोत, मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच. शून्य गाळायचं नाही. शेवटी ४९५ येतंच. का येतं, यावर वर्गाला भांडू द्या.

पाढ्यांशी आमचं वैर नाही. ते पाठ नसतील तर शोध अडखळतो. खरी अडचण वहीची. एका वजाबाकीवर अख्खा तास गेला की पान रिकामं दिसतं, आणि पहिली पाळी संपवून आलेला बाप आधी वहीच उघडतो. म्हणून या अंकातला पहिला लेख पालकांसाठी आहे.