विजेचें बिल आणि वाण्याची वही

दिंडोशीच्या टेकडीभोंवतीं संतोषनगर, कुरार या वस्त्यांतून फिरून पाहावें, म्हणजे गरिबीचें आजचें रूप कळेल. कपडे नीटनेटके, मुलें शाळेंत. परंतु दाराच्या फटींत विजेचें बिल अडकलेलें, आणि तें भरावें कीं मुलाची फी भरावी हा घरांतला वाद. अशा कुटुंबास कोणी भिकारी म्हणणार नाहीं, म्हणून कोणी मदतही करीत नाहीं.

सरकार कांहींच करीत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. पण त्या वेळींही सर्वसाधारण अर्जदारास कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असल्याचा दाखला द्यावा लागे. म्हणजे महिन्यास १,७५० रुपये! मुंबईंत तेवढ्यांत खोलीचें भाडें तरी सुटतें काय? दाखला खरा तर माणूस जिवंत कसा, आणि माणूस जिवंत तर दाखला खरा कसा, हें कोडें तहसील कचेरीनेंच सोडवावें. २०२४ च्या जुलैपासून ‘लाडकी बहीण’ योजना आली, तींत मर्यादा अडीच लाखांची ठेविली, हें शहाणपणाचें झालें. तथापि अनुदान ठरल्या गतीनें येतें. आजारपण व नोकरी जाणें हीं तशीं येत नाहींत.

मग सावकाराची पायरी. २०१४ च्या कायद्यानें विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकासही मुद्दलाहून अधिक व्याज घेतां येत नाहीं. आमचा जुना दामदुपटीचाच नियम तो. विजेविषयीं २००३ च्या कायद्याचें ५६ वें कलम सांगतें कीं, लेखी नोटिशीनंतर पुरते पंधरा दिवस गेल्याखेरीज पुरवठा तोडतां येत नाहीं. आणि बिलाबद्दल तंटा असल्यास मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकीं कमी असेल ती निषेधपूर्वक भरली कीं निकालापर्यंत वीज चालू राहते. दिंडोशींत सत्र न्यायालय आहे. त्याच्या सावलींत राहणाऱ्या किती जणांस हें ठाऊक आहे? वकीलवर्गानें याची लाज बाळगावी. त्यांत आम्हीही आलों.

खरें पाहतां या घरांचा आधार म्हणजे वाण्याची उधारीची वही. १९८२ च्या गिरणी संपांतही कित्येक चुली तिच्यावरच पेटल्या. परंतु एकट्या वाण्यानें हा भार किती वाहावा? आमची सूचना अशी कीं, येथील व्यापारी, गृहनिर्माण संस्था व वकील यांनीं मिळून एक निधि उभारावा. रोख रक्कम हातीं न देतां बिल परस्पर भरावें, परतफेड बिनव्याजी, हप्त्यांनीं, जामीन शेजाऱ्यांचा. १९७५ सालीं स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळांत प्रेमा पुरव यांनीं खाणावळी चालविणाऱ्या बायांस अशाच एकमेकींच्या जामिनावर बँकेचें कर्ज मिळवून दिलें होतें. दिंडोशीस तर हें बाहेरून शिकण्याचें कारणच नाहीं. मृणाल गोरे यांच्या पुढाकारानें नागरी निवारा परिषदेनें याच भूमीवर सामान्य कुटुंबांसाठीं सुमारें ६,००० घरें उभीं केलीं, तीं लोकांनीं संघटित होऊन झगडूनच.

पैसे बुडविणारे निघतील, असा आक्षेप येईल. थोडे निघतीलही. पण कोण बुडवितो आणि कोण खरोखर अडला आहे, हें वीस वर्षांच्या वहीवरून जो सांगूं शकतो, त्या वाण्यासच निधीच्या पंचांत प्रथम बसवावें.